गाणं नको, माणूस लावा

अलाऊन्समामांना कुजबुजता येत नसे. मयतीच्या घरी जाऊन बसले आणि शेजारच्या माणसाला अगदी हळू, निदान त्यांच्या मते हळू, "कसं झालं?" असं विचारलं, तरी आतल्या खोलीतल्या बायका रडायच्या थांबून बाहेर डोकावत. कुणाच्या घरी सोयरिकीची बोलणी चालली असली तर त्यांची बायको, म्हणजे मामीजी, त्यांना काहीतरी निमित्त काढून दुकानात पिटाळत. एकदा त्यांनी मामीजींच्या कानात "पोरगा जरा बुटका वाटते" असं सांगितलं होतं आणि पोराच्या बापाने तिथल्या तिथे चहाचा कप खाली ठेवला होता. मी त्यावरून चिडवलं की ते म्हणत, "मी काय करू? मले हळू बोलताच येत नाही. आवाज बाहेर जासाठीच असते ना वं पोरी!"

भंडारा जिल्ह्यात त्यांचा चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता, पण आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. दिवाळी झाली की गावोगावी मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकांच्या जाहिरातीची जीप भोंगा लावून रस्त्यारस्त्याने फिरायची आणि त्या भोंग्यातून "रसिक मायबापहो!" अशी जी हाक यायची ती मामाजींची. नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर तेच, निवडणुकीच्या रिक्षावर तेच. एका निवडणुकीत तर दोन्ही उमेदवारांच्या रिक्षांवर तेच होते आणि चौकात समोरासमोर आल्यावर मामाजी मामाजींशीच भांडत असल्यासारखं वाटत होतं. 'अलाऊन्स' हा आमच्याकडचा शब्द. पुकारा, दवंडी हे पुस्तकातले. आधार कार्डावर त्यांचं दुसरं एक चांगलं नाव होतं. ते तिथेच राहिलं, आणि नात्यातले नसले तरी मलाही ते मामाजीच.

घरचा मूळ धंदा मासोळीचा. वडील कारध्याला वैनगंगेत जाळं टाकायचे आणि मामाजी लहानपणी डोंग्यात बसून काठावरच्या आईला ओरडून सांगायचे की आज किती मिळाली, टोपलं आणायचं की परडी पुरेल. पाण्यावरून हाक कशी जाते हे ते तिथे शिकले. "पानी आवाज खात नाही, माणसं खातात," असं ते म्हणत. बाजारात बोलायचं तर शब्द लांबवायचा, नदीवर बोलायचं तर तोडायचा, हे त्यांचं शास्त्र. ते खरं होतं की नाही मला अजून कळलेलं नाही, पण त्यांनी कारध्याच्या काठावरून हाक मारली की पलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाया वर बघत, हे मी पाहिलेलं आहे.

मी नागपूरला एका स्टुडिओत जाहिरातींचं ध्वनिमुद्रण करत असे. तो बंद पडला तेव्हा मी भंडाऱ्याला आईकडे परत आले आणि घरातल्या धानाच्या खोलीत माइक मांडला. आईची एकच अट होती, पोती तिथेच राहतील. म्हणजे माझ्या स्टुडिओचा आवाज हंगामावर अवलंबून. धान घरात आलं की खोली भरलेली, आवाज घट्ट आणि कोरडा. पोती विकली जाऊ लागली की भिंती बोलायला लागत आणि मी गाद्या, चादरी, जुन्या गोधड्या टांगत सुटे. अशा या खोलीच्या दाराशी एके दिवशी मामाजी मोपेडवरून उतरले आणि आत न डोकावताच म्हणाले, "इथं रेकार्डिंग होते म्हणे. आपला आवाज आहे, तुयाजवळ मशीन आहे. करू मंग." मी हो म्हणायच्या आधीच ते पोत्यावर बसले होते.

त्यांच्या तोंडात खर्रा नसलेला मी क्वचितच पाहिला. सुपारी, तंबाखू, चुना असं प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेलं ते प्रकरण आमच्या भागात चहाइतकं सर्रास. माझ्या खोलीत मात्र खर्ऱ्याला बंदी होती. मामाजी ती पाळत, म्हणजे दाराबाहेरच्या नळापाशी जाऊन चूळ भरत, पुडी खिडकीच्या बाहेरच्या कडेवर ठेवत आणि दर टेकनंतर तिच्याकडे काचेतून बघत. मी ओरडले की म्हणत, "खर्ऱ्यानंच गळा खुलते." मी म्हणे, कोणत्या डॉक्टरने सांगितलं? त्यावर ते म्हणत, "डॉक्टर कुठं अलाऊन्स करते?" हा त्यांचा हुकमी मुद्दा होता.

कामात मात्र त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी नागपूरलाही पाहिला नाही. कोणत्या गावची मंडई आहे ते कळलं की आधी त्या गावी जाऊन यायचे, चहाच्या टपरीवर बसायचे आणि गावातली माणसं गावाचं नाव कसं घेतात ते ऐकायचे. कागदावरचं नाव वाचून दाखवणाऱ्यांची त्यांना चीड होती. "त्याहीच्या गावाचं नाव आपण चुकलो, तं ते कायले येतीन नाटक पाहाले? आपली बायको आपल्याले दुसऱ्याच्या नावानं हाक मारंल तं जाऊ का आपण जेवाले?" माइक तपासायलाही त्यांना हॅलो हॅलो चालत नसे. ते गावं म्हणत. त्यातही नाकाडोंगरी हे त्यांचं आवडतं. त्या एका नावात गळ्याची सगळी कामं येतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते 'डों' असा ठोकत की माझ्या टेबलावरची पेन्सिल हलत असे.

आणखी एक सांगायचं राहिलं. मंडईत मूल चुकलं की मामाजी 'हरवलं आहे' असं कधीही म्हणायचे नाहीत. एकदा लाखांदूरच्या बाजूला मी त्यांच्याबरोबर होते. चार-पाच वर्षांची एक पोर रडत मंचाजवळ आली. मामाजींनी तिला मांडीवर घेतलं, हातात चिवड्याचा पुडा दिला आणि माइक उघडून म्हणाले, "पिवळ्या झग्यातली एक बाई आमच्यापाशी पाहुणी आली आहे. मजेत चिवडा खाऊन राहिली. तिच्या आईनं सावकाश यावं, घाई नाही." आई धावतच आली, पण हसत आली. "हरवली म्हणलं असतं तं तिचा जीव गेला असता ना तितपर्यंत," ते मला म्हणाले. मला त्या दिवसापासून ते फार आवडू लागले. त्याआधी नुसतेच सहन होत होते.

मी तोपर्यंत सगळं काम हेडफोनवर करत असे. मामाजींना हेडफोन अजिबात मान्य नव्हता. "कानात कोंबून आयकलं तं सगळंच बरं लागते. गाव काय कानात कोंबून आयकते का?" त्यांचं हे पटण्यासारखं होतं. माझ्याकडचे संगणकाचे छोटे स्पीकर तर जाहिरातीच्या कामाचे नव्हतेच. तेव्हा स्टुडिओ मॉनिटर घ्यायचे ठरले. मॉनिटर म्हणजे टीव्हीसारखं काही असतं, असं ते आधी समजले. मी सांगितलं की हे स्पीकरच असतात, पण गोड करून ऐकवणारे नसतात, जे आहे ते जसंच्या तसं समोर ठेवतात, म्हणजे आपल्याला चूक दिसते. मामाजी खूश झाले. "मंजे खरं बोलणारा स्पीकर. मंग तोच पाहिजे. आजपर्यंत सगळे खोटारडेच भेटले."

नागपूरच्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा तिथल्या पोराने सवयीने एक धडाकेबाज गाणं लावलं. "अंकल, बेस देखो बेस!" दुकानाची काच थरथरत होती. मामाजींनी हात वर करून त्याला थांबवलं. "गाणं नको, माणूस लावा," ते म्हणाले. पोराला समजेना. मग मामाजींनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्यांचीच लाखांदूरच्या मंडईची जुनी जाहिरात होती, मी भंडाऱ्याला यायच्याही आधीची. ती एकच जाहिरात दुकानातल्या सगळ्या जोड्यांवर लावायची, असा त्यांनी हुकूम केला. पहिल्या जोडीवर आवाज असा भरदार आला की मलाच मोह पडला. मामाजी मान हलवत म्हणाले, "हे खुशामत करून राहिले. माया आवाज इतका चांगला नाही." दुसऱ्यावर ते नाकात बोलत होते. तिसरी जोडी दिसायला साधी, पाच इंची, काळी, कोपऱ्यात ठेवलेली. माझ्या मनात घरून निघतानाच ती होती, पण मी मुद्दाम बोलले नाही. मामाजींनी डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. "हे पाय. हे आपल्या मनचं काही घालत नाही. श्वास कुठं घेतला ते पण आयकू येते." मग पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ठणठणीत आवाजात सांगितलं, "बेटा, दे हेच." रस्त्यावरची दोन गिऱ्हाइकं आत बघायला लागली.

घरी आणल्यावर जोडीची पूजा झाली. स्पीकरच्या पडद्यावर मी हळदकुंकू लावू देईना, त्यावरून आमची झकाझकी झाली आणि शेवटी बाजूच्या लाकडावर एक-एक बोट लागलं. विटांचे दोन चौथरे रचून, त्यावर रबराचे तुकडे टाकून मी ते कानाच्या उंचीवर बसवले, भिंतीपासून पुढे ओढले आणि खुर्ची अशी ठेवली की दोन स्पीकर आणि बसणारा यांचा सारखा त्रिकोण व्हावा. मामाजी पोत्यावर बसून नारळाचं खोबरं वाटत होते. तेव्हा मंडया जवळ आल्या होत्या, नाटकवाल्यांचे फोन सुरू झाले होते. मामाजींनी चूळ भरली, माइकसमोर उभे राहिले आणि त्या हंगामाची पहिली जाहिरात एका दमात म्हटली. ते परत खोबरं घेऊन पोत्यावर बसले आणि मी ती लावली.

प्रत्येक लांब स्वराच्या शेवटी एक चरा होता. 'मायबापहो'मधला 'हो' सुरू व्हायचा नीट, आणि संपताना जुनं धोतर ताणल्यावर उसवतं तसा बारीक फाटायचा. हेडफोनवर मी मुद्रण करताना तो मला खोकल्याची खरखर वाटला होता. इथे तो खोलीच्या मधोमध उभा होता. मामाजींनी खोबरं खाली ठेवलं. "पोरी," ते म्हणाले, "स्पीकर फाटला."

त्यांचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नसतं. भोंग्याच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाचा पहिला नियम असतो तो, आवाज फाटला की आधी युनिट बघायचं. भोंग्याच्या पोटात जो पातळ पडदा असतो तो धुळीने, दवाने, वरच्यावर मोठा आवाज सोडल्याने फाटतो आणि मग कितीही चांगला माणूस बोलला तरी चरचर येते. जत्रेत, मंडईत, भर प्रयोगात मामाजींनी असे पडदे बदलले होते आणि दर वेळी आवाज लख्ख झाला होता. माणूस फाटू शकतो ही गोष्ट त्या नियमात कुठे बसतच नव्हती. आम्ही जोडी परत नेली. दुकानदार भला, त्याने कुरकुर न करता बदलून दिली. दुसरी जोडीही तशीच. मग मामाजींनी वायर बदलली. मग म्हणाले विजेचा दाब कमी आहे, आणि कुठूनतरी स्टॅबिलायझर घेऊन आले. मग म्हणाले धानाचा भुसा आत गेला असेल, आणि पेचकस घेऊन स्पीकर उघडायला निघाले. तेव्हा मात्र मी स्पीकरला पाठ लावून उभी राहिले.

"मामाजी, आता मी बोलते, तुम्ही ऐका," असं म्हणून मी तीच जाहिरात माझ्या आवाजात मुद्रित केली आणि त्याच स्पीकरवर लावली. स्वच्छ आली. चरा नाही, काही नाही. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तीही दारात येऊन उभी राहिली. मामाजींनी स्पीकरच्या मागची तार एकदा दाबून बघितली.

"बाईमाणसाचा आवाज पातळ असते. त्यात काय फाटाचं?"

"मामाजी, आवाज तुमचा बसला आहे. किती दिवस झाले? घशाच्या डॉक्टरला दाखवा. मी येते बरोबर."

"काहून भेव दाखवून राहिली मले?" ते एकदम उठले. "थंडी लागली आहे. आलं-गूळ खाल्लं का होते बरोबर. अन् आता मंडया आल्या. आता डॉक्टर म्हणंल बोलू नका, तं मी काय करू, हातवारे करू का जीपवर?"

खरी गोष्ट ती होती. पंधरा दिवस गप्प बसा, असं कुणीतरी सांगेल याची त्यांना धास्ती होती. मंडयांत आवाज नाही म्हणजे वर्षभर तो नाही, आणि आवाज नाही म्हणजे अलाऊन्समामा नाहीत. माणूस याहून मोठ्या कशाला भितो, मला माहीत नाही. मी मात्र भ्याले होते आणि चिडले होते. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून मी त्यांच्या घरी कारध्याला गेले. मामीजींनी पाट दिला, चहा ठेवला. मामाजी आमच्या दोघींच्या मध्ये खुर्ची टाकून बसले आणि त्या वर्षीच्या मासोळीबद्दल बोलत सुटले. मी त्यांना तोडलं आणि मामीजींकडे बघून सरळ सांगितलं, "यांचा आवाज बिघडला आहे. थंडी नाही ती. दवाखान्यात न्या." मामीजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग कप उचलून आत गेल्या. त्यांना माझं बोलणं समजलं नाही, असं मला वाटलं. मला त्यांचा राग आला होता. परत येताना पुलावर मी मनातल्या मनात दोघांशीही भांडत होते.

मामाजी चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी मालवाहू रिक्षातून त्यांचा जुना बॉक्स घेऊन आले, लग्नाच्या मांडवात लावायचा, माझ्या कमरेएवढा, पुढची जाळी गंजलेली. खोलीत तो ठेवायला आईची दोन पोती हलवावी लागली. त्यांनी स्वतःच्या हाताने तार जोडली आणि चऱ्याची तीच जाहिरात लावली. बॉक्सच्या पोटातून आवाज असा घुमला की चरा त्यात बुडून गेला. गडगडाट नुसता. "आता कसा!" मामाजी म्हणाले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी नव्या मॉनिटरांवर अंथरला आणि कडा नीट आत खोचल्या. हे मामाजी तेच, ज्यांनी दुकानात पहिल्या जोडीला खुशामतखोर म्हणून नाकारलं होतं. मी तसं तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, "काम संपू दे, मंग तुया त्या खऱ्याले उघडू."

तो हंगाम त्या बॉक्सवर पार पडला. आणि दैवाची थट्टा अशी की लोकांना आवाज आवडला. एक नाटकवाले खास फोन करून म्हणाले की यंदा मामाजींच्या आवाजाला वजन आलं आहे, जरा जाड झाला आहे, शोभतो. मामाजींनी ते मला आठवड्यात तीनदा सांगितलं. दर वेळी मी दवाखान्याचं काढलं आणि दर वेळी त्यांनी पुढच्या मंडईचं. पौष गेला, माघ गेला. खिडकीच्या कडेवरची खर्ऱ्याची पुडी हळूहळू तशीच राहू लागली, कारण गिळताना घास अडकत होता. जाहिरात एका दमात होईना, मी तुकडे जोडू लागले. होळीच्या सुमारास थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा ते स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चल." तेव्हाचं त्यांचं ते 'चल' मी कुजबुजीत ऐकलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुजबुजता आलं होतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आरशातून घसा बघितला आणि नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. दिवाळीच्या आसपास आले असते तर कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं, आवाज वाचला असता. हे त्यांनी वाईट हेतूने सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. मी विचारायला नको होतं. दिवाळीच्या आसपास आम्ही दुसरी जोडी बदलून आणत होतो.

शस्त्रक्रियेला जायच्या आदल्या दुपारी मी त्यांना माइकसमोर बसवलं. म्हटलं, मामाजी, काहीही बोला, तुमच्या मनातलं, घरच्यांसाठी, नातवंडांसाठी. त्यांनी माइककडे बघितलं. मग डोकं हलवून म्हणाले, "काहून जित्तेपणी माया फोटो टांगून राहिली? राहू दे." आणि उठले. मी आग्रह केला नाही. त्यांचं ते शेवटचं बोलणं मी ऐकलं, आणि ते मुद्रित झालेलं नाही.

त्यानंतर ते एकदाच माझ्याकडे आले. गळ्याला पातळ फडकं बांधलेलं, त्याखालच्या छिद्रातून श्वास घेताना फडकं हलायचं. मामाजींच्या तोंडून काही येत नाही, याची मला सवयच होईना, मीच उगाच मोठमोठ्याने बोलत होते. ते सरळ मॉनिटरांपाशी गेले, दुपट्टा काढला, घडी करून खांद्यावर टाकला आणि त्रिकोणाच्या टोकावरच्या खुर्चीत बसले. हाताने खूण केली, लाव. काय लावू, विचारलं. त्यांनी बोट मागे मागे नेलं. मी जुन्या जाहिरातींपासून सुरुवात केली, आणि एकामागून एक लावत पुढे येत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. नव्या मॉनिटरांच्या आधीच्या होळीतली एक जाहिरात सुरू झाली, जी आम्ही दोघांनी तेव्हा हसतखेळत केली होती आणि जिच्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तिच्या शेवटच्या 'हो'ला मामाजींनी हात वर केला. मी ती परत लावली. होता. केसाएवढा, पण होता. त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग स्वतः उठून आवाजाचं बटण खाली नेलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

आजार परत उलटला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मामाजी गेले. वैनगंगेच्या काठी आम्ही त्यांना पोचवून आलो आणि घरी येऊन मी अंघोळ करून बसते तोच दारावरून कचऱ्याची गाडी गेली, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, आपलं शहर, आपली जबाबदारी." आई दार लावायला धावली. मी तिला लावू दिलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, गाडीचा नाही, त्या माणसाचा. इतका कान असलेला माणूस. दुकानात श्वास कुठे घेतला ते ऐकणारा.

दिवाळी होऊन गेली तेव्हा मामीजी रिक्षाने आल्या, एकट्याच. हातात घरची केळी होती. बराच वेळ पोती बघत बसल्या, आईशी धानाबद्दल बोलल्या, आणि मग मला म्हणाल्या, "त्यायचा आवाज आयकाचा होता."

मला वाटलं, त्यांना मामाजी चांगले ऐकू यावेत. म्हणून मी तो मोठा बॉक्स लावला आणि चांगल्या दिवसांतली एक भरदार जाहिरात निवडली. खोली दणाणली. मामीजी हातांची घडी घालून ऐकत होत्या, परक्या माणसाचं भाषण ऐकावं तशा. संपल्यावर म्हणाल्या, "हे तं जीपवरचं हाये. हे जगाले ठाऊक हाये. घरचं नाही का काही?"

घरचं नव्हतं. दोन टेकच्या मध्ये ते जे बोलायचे, हसायचे, पुडीची चौकशी करायचे, ते सगळं मी कापून टाकत असे, ते माझं कामच होतं. शोधताना नव्या मॉनिटरांवर ऐकलेली ती पहिली जाहिरात तेवढी न कापलेली सापडली. मी बॉक्सची तार काढली आणि मॉनिटर सुरू केले. मामीजींना त्या खुर्चीत बसवलं. आधी मामाजींनी घसा खाकरला, पाय सरकवले, श्वास घेतला. मग 'रसिक मायबापहो', आणि शेवटी तो चरा, आहे तसा.

मामीजी पुढे झुकल्या. डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. नुसत्या ऐकत राहिल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "असेच बोलत होते घरी. लय दिवसापासून."

"लय दिवसापासून म्हणजे?" मी विचारलं.

"तू आली होती ना सांगाले, तवाच मले ठाऊक होतं. पण तुयासमोर कसं म्हणू का माया माणसाचा आवाज गेला म्हणून? आवाजावर तं घर होतं आमचं." त्यांनी मला परत लावायला खुणावलं. मी लावलं. चरा येऊन गेला तशा त्या स्पीकरकडे बोट करून म्हणाल्या, "मी रोज म्हणत होती, चला दवाखान्यात. याच आवाजात नाही म्हणत होते."